किंमत न पाहण्याचं व्रत

आमच्या सरांनी कितीतरी वर्षांत कशाचीही किंमत पाहिली नव्हती. मी उगाच वाढवून सांगत नाही. सुपरमार्केटात गेले तर ते फळीवरच्या डब्यांकडे पाहायचे, फळीच्या काठाकडे नाही, कारण किमतीच्या चिठ्ठ्या काठाला असतात. काउंटरवर कार्ड पुढे करायचे आणि छताकडे बघत उभे राहायचे. हॉटेलात मेन्यू आला की मला सांगायचे, "अगं, उजवी बाजू जरा झाक." मग मी कागदी नॅपकिन धरून बसायची आणि सर डावीकडचे पदार्थ वाचायचे. एकदा एका वेटरने बिलाची रक्कम खणखणीत आवाजात सांगितली, तर सरांनी दोन्ही कानांत बोटं घातली. वेटरला वाटलं, रक्कम जास्त झाली म्हणून गिऱ्हाईक रागावलं. तो बिचारा बिल तपासून आला आणि तीच रक्कम त्याने पुन्हा, आणखी मोठ्याने सांगितली.

गंमत अशी की या माणसाचं कामच महागाईवरचं होतं.

ड्रेस्डेनच्या ज्या संस्थेत मी पीएचडी करायला गेले, तिथे सर घरोघरच्या सर्वेक्षणाचं काम पाहायचे. खरी महागाई सरकार मोजतं, दर महिन्याला आकडा छापून येतो. पण साध्या घरातल्या माणसाला विचारलं की 'वर्षभरात भाव किती वाढले असं वाटतं?', तर तो सरकारी आकड्याच्या कितीतरी पुढचा आकडा सांगतो. हे असं का होतं आणि ते नीट मोजायचं कसं, हा सरांचा विषय. ते म्हणायचे, "लोणी महागलं की सगळं जग महागलं असं वाटतं. फ्रीज स्वस्त झाला तर कुणाला पत्ता लागत नाही. रोज फ्रीज कोण विकत घेतं?" आमच्या मेन्साच्या, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीच्या, रांगेत पोरं डोनर कबाबच्या भावावरून गळा काढायची, तेव्हा सर मन लावून ऐकायचे, पण कुणी आकडा उच्चारायच्या बेतात आलं की तिथून निघून जायचे.

व्रतामागचं त्यांचं शास्त्र असं होतं, की ज्याने किंमत पाहिली त्याची जाणीव गढूळ झाली. "मी घरोघर जाऊन लोकांना विचारतो. माझ्याच डोक्यात बटाट्याचा भाव बसलेला असला, तर समोरच्याचं उत्तर मी ऐकेन का माझा भाव ऐकेन?" मी एकदा म्हटलं, "सर, मग हृदयाच्या डॉक्टरने स्वतःची नाडी पाहायची नाही का?" तर म्हणाले, "आल्झो, तू फार बोलतेस." आल्झो, म्हणजे 'तर मग', हा जर्मन शब्द त्यांच्या तोंडात असा बसला होता की नागपूरला बहिणीशी फोनवर बोलतानाही 'जय भीम'नंतर पहिला आल्झोच यायचा.

आता घरातल्या कुणीतरी किमती पाहिल्याशिवाय घरात तेल-मीठ येत नाही. ते काम काकूंकडे होतं. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. लग्नाआधी नागपूरला शाळेत शिकवायच्या, इथे काही वर्षं एका किंडरगार्टनच्या स्वयंपाकघरात होत्या, नंतर घरी. सरांच्या पगारातून दर महिन्याला ठरलेली रक्कम आपोआप काकूंच्या खात्यात जायची. मुलगी शाळेत होती तेव्हा कधीतरी बँकेत जाऊन सरांनी ती लावून दिली होती. मुलगी शिकली, म्युनिकजवळ उंटरश्लाइसहाइमला नोकरीला लागली, तिकडेच राहू लागली. सरांनी त्या रकमेकडे पुन्हा पाहिलं नाही. कशाला पाहतील? किंमतच माहीत नसलेल्या माणसाला रक्कम कमी पडते हे कळणार कुठून? हे मला तेव्हा सुचलं नाही, याचा आज माझा मलाच राग येतो. अर्थशास्त्र शिकत होते मी.

रविवारी दुपारी सरांचं घर उघडं असायचं. ड्रेस्डेनमधली मराठी पोरं, पीएचडीची, कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यातली, सगळी तिथे जेवायला. वांग्याचं भरीत, भाकरी, कधी वडाभात, एप्रिलमध्ये जयंतीला खीर. काकू वाढताना कुणाला विचारायच्या नाहीत, सरळ ताटात घालायच्या. सर अभिमानाने म्हणायचे, "माझ्या ताटात महागाई नाही. बघा." आणि आम्ही बघायचो. खरंच नव्हती.

रविवारची ठरलेली दुसरी गोष्ट म्हणजे काकूंचे गुडघे. गेल्या वर्षभरापासून ते दुखत होते आणि सरांनी ते मनावर घेतलं होतं. भारतात जाणाऱ्या प्रत्येकाला महानारायण तेलाची बाटली आणायची आज्ञा असे. मीही आणली. ती माझ्या बॅगेत फुटली, आणि पुढचा सगळा हिवाळा माझ्या स्वेटरला आयुर्वेदिक दवाखान्याचा वास येत होता. लोक ट्राममध्ये माझ्या शेजारून उठून जायचे. सरांनी हाडांच्या डॉक्टरांचा टेर्मीन, म्हणजे भेटीची वेळ, मिळवला, त्यासाठी कित्येक महिने थांबले. डॉक्टरांनी फोटो काढले आणि सांगितलं की बाईंचे गुडघे वयाच्या मानाने उत्तम आहेत. सर तणतणत घरी आले. "यांना फक्त फोटोतलं दुखणं कळतं. माणसाला जाणवणारं दुखणं यांच्या यंत्रात येत नाही. अगदी त्या सरकारी आकड्यासारखं!" काकू भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "अहो, राहू द्या ना आता ते गुडघे."

मुलगी रविवारी फोन करायची. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये. फोन स्पीकरवर असायचा, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू यायचं. "मामा, गे डॉख श्विमेन," ती म्हणायची. म्हणजे, आई, पोहायला जा ना पुन्हा, गुडघ्यांना चांगलं असतं. त्यावर सर मराठीत ओरडायचे, "दुखऱ्या गुडघ्यांनी ती कशी जाईल पोहायला?" आणि काकू फोन बंद करून कुणाला तरी आणखी भात वाढायच्या.

सरांना मुलाखत घेताना पाहणं ही एक शिकवणी होती. लोकांच्या घरी गेले की बूट दारातच काढायचे, सोफा नाकारून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायचे आणि नळाचं पाणी मागायचे. आकड्याचा प्रश्न ते घाईघाईने उरकून टाकायचे. मग त्यांचा स्वतःचा प्रश्न यायचा. 'गेल्या वर्षभरात, घरात कुणाला न सांगता, तुम्ही काय सोडलंत?' तो प्रश्न त्यांनी कित्येक वर्षं घासूनपुसून तयार केला होता. "सगळ्यांना सांगून सोडतात ती काटकसर," ते म्हणायचे, "न सांगता सोडतात ती महागाई." लोक म्हणायचे, निक्स. काही नाही. सर पाण्याचा घोट घ्यायचे आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचे, आणि मग पुन्हा. "पहिलं उत्तर पेपरात छापण्यासारखं असतं, दुसरं शेजाऱ्याला सांगण्यासारखं. आपल्याला हवंय ते त्याच्यानंतरचं."

त्यांचा दुसरा दंडक होता: स्वयंपाकघरात ऐकलेलं त्याच घरातल्या दुसऱ्या माणसालाही सांगायचं नाही. जर्मनीत डाटेनशुट्झ, म्हणजे माहितीच्या गोपनीयतेचा कायदा, कडक आहेच. पण सरांचा कायदा त्याहून कडक होता. एकदा एका नवऱ्याने जिन्यात गाठून विचारलं, "माझी बायको काय म्हणाली?" सरांनी त्याला हवामानाविषयी इतकं सांगितलं की तो दमून घरात गेला.

तर या प्रश्नावर गंडांतर आलं. आमच्या प्रकल्पाच्या प्रमुख बाई फार सरळ आणि हुशार होत्या, सरांचा मानही ठेवायच्या. पण त्यांचं म्हणणं होतं की अर्ध्याअधिक लोकांचं उत्तर 'काही नाही' येतं, उरलेलं तक्त्यात बसत नाही, आणि तीनतीनदा विचारण्यात वेळ जातो. नव्या सर्वेक्षणातून प्रश्न काढावा. सरांच्या निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते. प्रश्न आता गेला असता तर तो परत आणायला कुणी नव्हतं. चाचणीच्या मुलाखती घ्यायच्या, त्यांचा अहवाल पाहून बैठकीत निर्णय करायचा, असं ठरलं. सर त्या दिवसांत भाकरीचा तुकडा हातात धरून विसरून जायचे.

चाचणीसाठी परदेशातून आलेली काही कुटुंबं हवी होती. मराठी मुलाखती माझ्याकडे आल्या. काकू आपणहून म्हणाल्या, "मी बसते की. इतकी वर्षं हा प्रश्न कानावर पडतोय, मला मेला कुणी विचारला नाही." सर हसले. नियमाप्रमाणे घराबाहेर जाऊन एल्बे नदीच्या काठाने फिरायला निघाले, आणि जाताना मला दारातून बजावलं, "पहिल्या उत्तरावर थांबू नकोस हं."

मी बूट काढले, स्टुलावर बसले, पाणी मागितलं. काकूंना हसू आवरेना. आकड्याचा प्रश्न झाला. मग मी विचारलं, घरात कुणाला न सांगता काय सोडलंत?

"काही नाही गं. तू बघतेस ना, काही कमी आहे का घरात?"

मी पाणी प्यायले. पुन्हा विचारलं.

"ब्लूबेरी सोडल्या. त्या काय, हौसच होती."

मी पुन्हा विचारलं. काकू उठल्या, शेगडीची आच उगाचच कमी केली आणि पाठ माझ्याकडे ठेवून म्हणाल्या, "मंगळवार सोडला."

तळमजल्यावर एक जर्मन बाई राहायच्या, एकट्या, काकूंच्याच वयाच्या. दोघी दर मंगळवारी हालेनबाडला, म्हणजे छताखालच्या तलावात, पोहायला जायच्या आणि पोहून झालं की दारातल्या कॅफेत कॉफी आणि केक. इथले लोक आपापलं बिल आपण भरतात. पण पहिल्याच दिवशी काकूंनी हट्टाने दोघींचं बिल भरलं होतं, आपल्याकडे असंच असतं म्हणून. त्यावर त्या बाई म्हणाल्या, मग पुढच्या वेळी मी. तेव्हापासून पाळी लागली होती. एक मंगळवार हिचा, एक तिचा.

"आधी पोहण्याचं तिकीट वाढलं. मग कॉफी, केक, सगळंच. माझी पाळी आली की आदल्या दिवसापासून पाकिटातली चिल्लर मोजत बसायची. पाळी मीच सुरू केलेली, मीच कशी मोडू? 'आता आपापलं देऊया' म्हणायला जीभ रेटेना. मग एकदा म्हटलं, माझे गुडघे दुखतायत. पुढच्या मंगळवारीही तेच म्हटलं. तिने दोनदा सूप आणून दिलं. मग तिने विचारायचं सोडलं. आता जिन्यात भेटलो की गुटन टाग. तेवढंच."

"आणि सर?"

"तिच्यापुढे दुखतात म्हटल्यावर घरातही दुखायलाच हवेत ना."

"पण त्यांना सांगायचं, काकू. रक्कम वाढवली असती त्यांनी."

"किती वाढवू विचारलं असतं. मग आकडा सांगावा लागला असता." त्या वळल्या. डोळे भरलेले होते, पण चेहरा शांत होता. "इतक्या वर्षांचं त्यांचं ते, काय म्हणतात, व्रत. मी केकपायी मोडू? आणि रविवारचं कमी केलं असतं तर त्यांना नाही, तुम्हा पोरांना कळलं असतं."

मला रडू आलं. मी ते पाण्याच्या ग्लासात लपवलं. काकूंच्या हातची सगळी रविवारची भाकरी मला एकदम आठवली, आणि आम्ही किती मागून मागून खाल्ली तेही.

अहवाल लिहायला बसले तेव्हा माझी पंचाईत झाली. सरांचा प्रश्न वाचवू शकेल असं उत्तर माझ्याकडे एकच होतं, आणि ते त्यांच्याच स्वयंपाकघरातलं. नाव घालायचं नव्हतंच. पण ते वाचतील आणि ओळखतील. मी काकूंना फोन केला.

"न लिहिलं तर?" त्यांनी विचारलं.

"तर प्रश्न बहुतेक जाईल."

"आणि लिहिलं तर?"

"तर सर ओळखतील."

फोनवर मागे कुकरची शिट्टी झाली. "लिही," त्या म्हणाल्या. "ओळखलं तर बरंच झालं. आणि नाही ओळखलं, तर तो प्रश्न खुशाल काढून टाका म्हणावं."

बैठकीला आम्ही सात-आठजण होतो. सरांनी अहवाल आधी वाचला नव्हता. उत्तरं प्रथम सगळ्यांसमोर वाचायची, म्हणजे मनाची तयारी नसते, हाही त्यांचाच हेका. ते उभे राहून एकेक उत्तर जर्मनमध्ये वाचत होते. कुणी घरी केस कापायला लागलं होतं, कुणी एक खोली गरम करणं बंद केलं होतं. मग ते वाचू लागले, "मी मंगळवार सोडला." पोहणं, केक, पाळी. त्यांचा आवाज शिकवण्याच्या लयीत होता. "मी मैत्रिणीला सांगितलं, माझे गुडघे दुखतात," इथे ते थांबले.

खोलीत कुणाच्या लक्षात आलं नाही. वाचताना माणसं थांबतात. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुढचं वाक्य वाचलं. "घरातही मला तसंच सांगावं लागलं." मग उरलेलं सगळं उत्तर त्यांनी शेवटपर्यंत, एक शब्द न गाळता वाचलं. मी टेबलाकडे बघत होते.

प्रमुख बाईंनी विचारलं, "ही बाई खरं बोलते आहे, हे आपल्याला कशावरून कळणार?"

"हो," सर म्हणाले. "खरं आहे."

बाई विचार करत म्हणाल्या, "आपल्या तक्त्यात हे आलं असतं तर आपण ते आजारपणाच्या खान्यात टाकलं असतं."

"गेनाऊ, अगदी तसंच," सर म्हणाले, आणि खाली बसले. आणखी काही सांगायची गरज पडली नाही. प्रश्न राहिला. आजही ते सर्वेक्षण होतं तेव्हा तो विचारला जातो, आणि आता नव्या पोरांना शिकवायला मी जाते. कुणी अंगदुखी सांगितली की पुढे अजून एकदा विचारा, एवढंच मी त्यांना सांगते.

परतताना ट्राममध्ये सर खिडकीबाहेर बघत होते. अभिनंदन करायची माझी हिंमत झाली नाही. मग त्यांनी विचारलं, "त्या उत्तरदात्याची परवानगी घेतली होतीस ना?"

"हो सर."

"स्पष्ट?"

"स्पष्ट."

"बरं." ते कोण होतं हे त्यांनी विचारलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतर कधीच नाही. नियम नियम होता.

घराच्या दोन थांबे आधी ते एकदम उठले. मीही मागोमाग उतरले. समोर हालेनबाड होतं, आणि दारात ते कॅफे. आत काचेच्या कपाटात केक मांडलेले होते, आणि प्रत्येकापुढे खडूने किंमत लिहिलेली छोटी काळी पाटी. मला सवयीने वाटलं, नॅपकिन धरावा. सरांनी माझा हात हळूच बाजूला केला. कंबरेत वाकून, चष्मा नाकावर सरकवून, ते एकेक पाटी वाचू लागले. आयरशेके म्हणून ड्रेस्डेनचा एक थरांचा केक असतो, त्याच्यापुढे ते फार वेळ थांबले.

"हे एवढं कधी झालं?" त्यांनी काउंटरमागच्या मुलीला जर्मनमध्ये विचारलं.

मुलीने खांदे उडवले. "हळूहळू," ती म्हणाली.

सरांनी मान हलवली. कितीतरी वर्षांची महागाई त्यांना एका तुकड्यासमोर, उभ्या उभ्या जाणवली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहू शकले नाही. मग त्यांनी दोन तुकडे मागितले आणि पाकीट काढलं. कार्ड नाही, नोटा. मुलीने रक्कम सांगितली तेव्हा ते तिच्याकडेच बघत होते.

"दोन्ही वेगवेगळे बांधून द्या," ते म्हणाले, आणि माझ्याकडे वळून मराठीत, "एक घरी, हिला. एक त्या तळमजल्यावरच्या बाईंना. आज मंगळवार नाही, पण चालेल."

"आणि तुम्हाला, सर?"

"मला नको," सर म्हणाले. "माझे गुडघे दुखतायत."